दीड मिलिमीटरचा भुंगेरा आणि चार ओळींचे जुने वर्णन : बडोद्यातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण बडोद्यातील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात घडले. व्यक्तींची आणि जंगलाची नावे गाळली आहेत. भुंगेऱ्याच्या जातीचे नावही दिलेले नाही, कारण ते दिले की बाकीची नावे आपोआप उघड होतात. या कामात मी मार्गदर्शक होतो, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या बऱ्याचशा माझ्या खात्यावर जमा आहेत. (मराठी विश्वकोशाच्या वळणाने इथे ‘जाती’ आणि तिच्या वरचा गट म्हणजे ‘वंश’ असे शब्द वापरले आहेत, वृत्तपत्रे जातीलाच ‘प्रजाती’ म्हणतात.)

बडोद्याभोवतीचे जंगल पानगळीचे आहे. सदाहरित जंगलातला पाचोळा निराळा असतो : तो वर्षभर थोडा थोडा पडत राहतो, त्याचा खालचा थर सहसा पूर्ण वाळत नाही, आणि त्या ओलसर थरात श्लेष्मकवके (बुरशीसारखे दिसणारे, बुळबुळीत पसरणारे जीव), बुरशी व त्यांच्यावर जगणारे अतिशय बारीक भुंगेरे मुबलक सापडतात. माझ्या विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा विषय हाच होता. ती दांडिया बाजारातल्या मराठी घरातली. आजोबा शाळेत जीवशास्त्र शिकवत, त्यामुळे किड्यामुंग्यांचे घरात कोणाला वावडे नव्हते. वनखात्याची परवानगी मिळवून ती कर्नाटकातील सह्याद्रीच्या एका सदाहरित पट्ट्यात पावसाळा सरताच नोव्हेंबरमध्ये पोहोचली, पाचोळा चाळणीतून चाळला आणि विश्रामगृहाच्या ओसरीत विंकलर पिशव्या टांगल्या. विंकलर पिशवी म्हणजे वरून बांधलेली सुती पिशवी; तिच्या आत जाळीच्या पिशवीत चाळलेला पाचोळा भरतात आणि खाली अल्कोहोलची छोटी बाटली लावतात. पाचोळा वाळू लागला की त्यातले जीव हलू लागतात, वाट शोधता शोधता जाळीतून निसटतात आणि बाटलीत पडतात. बर्लिझच्या नरसाळ्याला टुल्ग्रेनने जोडलेला विजेचा दिवा इथे लागत नाही, म्हणून वीज नसलेल्या मुक्कामी हीच पद्धत सोयीची ठरते.

तीन दिवसांनी बाटल्यांत मुंग्या, माइट, कोळी यांच्या गर्दीत बिओसेरा या वंशाचे सात भुंगेरे मिळाले. एरिखसनने १८४५ साली स्थापलेला हा वंश स्टॅफिलिनिडी कुलातल्या स्कॅफिडिइनी या उपकुलात येतो. अंग काळसर चकचकीत, थेंबासारखे. पंखकवचे मागे आखूड कापल्यासारखी आणि त्यांच्याखालून पोटाचे निमुळते टोक डोकावणारे. आमचा भुंगेरा साधारण दीड मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून जरा मोठा. बारीकपणात तो काही विक्रमी नव्हे. कोलंबियातल्या सायडोसेला म्युसावासेन्सिस या पिसपंखी भुंगेऱ्याची लांबी ०.३२५ मिलिमीटर मोजली गेली आहे.

अडचण

या वंशातल्या जाती वरून पाहून सहसा ओळखता येत नाहीत. निर्णय बहुतेक नराच्या जननांगावर, म्हणजे एडिएगसवर आणि त्याच्या आतल्या पिशवीतील काट्यांच्या रचनेवर होतो. सातांपैकी पुढच्या पायांची रुंदावलेली टोके पाहून नर एकच निघाला.

दक्षिण भारतापुरते पाहायचे तर सुदैवाने पाया भक्कम आहे. जिनेव्हाच्या संग्रहालयातील अभ्यासकांनी १९७२ साली दक्षिण भारतात असाच पाचोळा चाळून मोठा संग्रह केला आणि त्यातून इव्हान लोब्ल यांचा या गटावरचा जर्मन प्रबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. मे महिन्यात नराचे विच्छेदन झाले, ओळखतक्त्यात आमचा नर दोन जातींच्या मधोमध येऊन अडकला आणि त्याचा एडिएगस दोघींशीही जुळला नाही. ‘सर, नवी आहे,’ असे विद्यार्थिनी म्हणाली आणि मीही मनातून तेच म्हटले.

जूनमध्ये जुने साहित्य उपसताना मात्र एक नाव पुढे आले. ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकाच नमुन्यावरून दिले गेले होते आणि वर्णन चार ओळींचे : काळा, चकचकीत, पाय पिवळसर, पंखकवचांवर बारीक ठिपके. इतक्या वर्णनात वंशातली निम्मी मंडळी बसतात. त्या काळात अशी वर्णने सर्रास होत. मोरीस पिक यांनी हजारो भुंगेऱ्यांना नावे दिली आणि त्यांतली कित्येक वर्णने याच मापाची आहेत. जुन्या नावाचा मूळ नमुना युरोपातील एका संग्रहालयात होता आणि तो मादीचा असल्याचे नंतरच्या एका अभ्यासकाने नोंदवून ठेवले होते.

नियम या बाबतीत निष्ठुर आहे. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार एकाच जातीला दोन नावे मिळाली तर सर्वसाधारणपणे जुने नाव टिकते, मग त्याचे वर्णन कितीही तुटपुंजे असो. म्हणजे आमचा भुंगेरा आणि ती युरोपातली मादी एकाच जातीची निघाली, तर आमचा सगळा लेख एका समानार्थी नावाची भर घालून संपणार होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ताबडतोब प्रसिद्ध करण्याचा. विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती डिसेंबरमध्ये संपत होती आणि तिला लेख हवा होता. तिने उदाहरण दिले अलेक्झांडर रीडेल आणि सहकाऱ्यांचे : न्यू गिनीतल्या ट्रिगोनॉप्टेरस या सोंडेच्या (टोके) भुंगेऱ्यांच्या १०१ नव्या जाती त्यांनी २०१३ साली एकाच लेखात मांडल्या, डीएनएचे बारकोड (जाती ओळखण्यासाठी वाचलेला डीएनएचा ठरावीक तुकडा) आणि छायाचित्रे यांच्या आधाराने, आणि बरीच नावे तर पापुआ न्यू गिनीच्या दूरध्वनी निर्देशिकेतल्या आडनावांवरून ठेवली. ‘त्यांनी एकशे एक केल्या, आपण एकीवर अडलो,’ हे तिचे म्हणणे झोंबणारे होते. माझे उत्तर असे की त्यांच्याकडे भरपूर नमुने होते. आमच्याकडे एक नर आणि वाटेत नेमके बसलेले एक जुने नाव होते.

दुसरा पर्याय नाव न देण्याचा. प्रबंधात ‘बिओसेरा, जाती क्रमांक १’ एवढे लिहून पुढे जाता आले असते. प्रामाणिकपणाला त्यात बाधा नव्हती, परंतु अशा क्रमांकित जाती प्रबंधाच्या कपाटातच राहतात आणि पुढच्या माणसाला त्यांचा शोध लागत नाही.

तिसरा पर्याय पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा जाऊन आणखी नर मिळवण्याचा, आणि चौथा संग्रहालयाला पत्र लिहून मूळ नमुन्याची छायाचित्रे मागवण्याचा. नमुने परदेशी तज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचारही आला, पण त्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांचा व्याप पाहता छायाचित्रांनी भागत असेल तर तो टाळलेला बरा, असे ठरले.

मी तिसरा पर्याय निवडला आणि चौथा ‘नर हाती आल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवला. पत्र आत्ताच टाकावे असे विद्यार्थिनीने जूनमध्येच सुचवले होते. एवढ्या मोठ्या संग्रहालयातले लोक बडोद्याच्या एका महाविद्यालयाला, तेही एका नराच्या भरवशावर, कशाला उत्तर देतील, असे मला वाटले. आणि खरे सांगायचे तर अर्धवट तयारीने विचारण्याचा संकोचही होता. या निवडीतली तर्काची चूक त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. अडथळा मादीच्या नमुन्याचा होता. दहा नर मिळाले असते तरी त्या मादीविषयी ते काहीही सांगू शकले नसते.

प्रत्यक्ष काय घडले

आधी मे महिन्यातल्या त्या दुपारविषयी, कारण प्रकरण तिथेच संपण्याची वेळ आली होती. एकुलत्या एका नराला कोमट पाण्यात मऊ करून त्याचे पोटाचे टोक दोन बारीक सुयांनी उघडायचे, एडिएगस बाहेर काढायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात स्वच्छ करायचा आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून पाहायचा, एवढे काम होते. बडोद्याचा मे महिना. तरी पंखा बंद, खिडक्या बंद, कारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या वस्तूला वाऱ्याची झुळूकही पुरते. एडिएगस बाहेर आला, तिने सुईवर उचलला, सूक्ष्मदर्शकाखाली पुढची काचपट्टी सरकवली आणि म्हणाली, ‘सर, दिसत नाहीये.’ पुढची चाळीस मिनिटे आम्ही दोघांनी जागेवरून न उठता घालवली. टेबलावर अंथरलेला पांढरा कागद चौकोन आखून भिंगाखाली तपासला, पाण्याचा प्रत्येक थेंब पाहिला. अखेरीस तो जिथून निघाला होता तिथेच मिळाला : खळग्याच्या काचपट्टीत पाण्याच्या कडेला, जिथे पाणी काचेवर किंचित चढते, तिथे तो चिकटून बसला होता. सुईवर तो कधी आलाच नव्हता. त्या दिवसापासून एडिएगस हलवण्याआधी पाण्याऐवजी ग्लिसरीन वापरायचे, कारण त्या दाट द्रवात वस्तू पटकन वाहत नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा शिरस्ता झाला.

दुसरी अडचण अल्कोहोलची. गुजरातेत दारूबंदी असल्याने प्रयोगशाळेच्या इथेनॉललाही नशाबंदी खात्याचा परवाना लागतो आणि मिळालेला कोटा वर्षभर पुरवावा लागतो. त्यामुळे पहिल्या फेरीत सगळे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले. अंग लवचीक राहण्यासाठी ते उत्तम, डीएनएसाठी मात्र ९५ टक्क्यांच्या वरचे आणि थंड जागा लागते. आमच्या बाटल्या उन्हाळाभर कपाटात राहिल्या. पुढे बारकोडसाठी पाठवलेल्या त्यांच्या पायांतून काहीच निघाले नाही.

तिसरी चूक चिठ्ठीची. जंगलात मदतीला आलेल्या एका मुलाने एका बाटलीतली चिठ्ठी शिसपेन्सिलीऐवजी जेल पेनने लिहिली होती आणि बडोद्याला पोहोचेपर्यंत ती कोरी झाली. त्या बाटलीत दोन माद्या होत्या. सहा बाटल्यांपैकी पाच ओळखता आल्यावर सहावी कोणत्या ठिकाणची हे वजाबाकीने कळते, असा विद्यार्थिनीचा युक्तिवाद होता आणि तो बहुधा बरोबर होता. तरीही त्या दोन माद्या मूळ नमुन्यांच्या मालिकेत घेऊ नयेत असे मी ठरवले, कारण चिठ्ठी नसलेला नमुना वजाबाकीने सिद्ध झाला हे लेखात कसे लिहायचे, ते मला कळेना. हा निर्णय मी आजही बदलणार नाही.

दुसरी फेरी पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाली, अर्थातच शिष्यवृत्तीच्या शेवटच्या पैशांवर. पाऊस लवकर आटोपल्याने जुन्या जागेचा पाचोळा कोरडा झाला होता आणि तिथे एकही बिओसेरा मिळाला नाही. शेजारच्या दरीत एका कुजक्या ओंडक्यालगत श्लेष्मकवकाची पिवळी जाळी पसरलेली होती. तिच्या बाजूचा पाचोळा चाळला तेव्हा तीन नर आणि चार माद्या मिळाल्या. या वंशातले भुंगेरे श्लेष्मकवके खातात हे पुस्तकात वाचले होते. ओंडका पाहून जागा निवडण्याचे शहाणपण मात्र पाचोळ्याच्या आठ ठिकाणी हात मारून झाल्यावर सुचले. यावेळी दोन नमुने तीव्र इथेनॉलमध्ये वेगळे ठेवले. त्यांतल्या एका नराचा आणि एका मादीचा बारकोड मिळाला, दोघे जुळले, आणि ती मादी त्याच जातीची आहे हे तरी पक्के झाले.

संग्रहालयाला पत्र गेले ते फेब्रुवारीत. उत्तर अकराव्या दिवशी आले, सोबत मूळ नमुन्याची वरून, खालून आणि बाजूने घेतलेली छायाचित्रे. ती पाहायला दहा मिनिटे पुरली. बिओसेरामध्ये पंखकवचांच्या सांध्यालगत एक बारीक खाच असते आणि काही जातींत ती पंखकवचाच्या मुळाशी वळून कडेच्या खाचेला जाऊन मिळते. आमच्या सर्व नमुन्यांत, नर असो वा मादी, ती पूर्ण मिळालेली होती. युरोपातल्या मादीत ती खांद्याच्या अलीकडेच विरून गेली होती. शिवाय आमच्या भुंगेऱ्याच्या छातीच्या खालच्या बाजूला मधल्या पायांच्या खोबण्यांमागे ठळक खड्ड्यांची ओळ आहे. तिकडे ती जवळजवळ नाही. म्हणजे मादीवरूनच, एडिएगसला हात न लावता, दोन्ही वेगळ्या ठरत होत्या. हे पत्र जूनमध्ये टाकले असते तर हेच उत्तर जूनमध्ये मिळाले असते.

होलोटाइप कोणता आणि ठिकाण कोणते

१९९९ नंतर नवी जाती मांडताना नाव धारण करणारा नमुना, म्हणजे आमच्या बाबतीत होलोटाइप, स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाईल हेही लिहावे लागते. आमच्यापुढे दोन उमेदवार होते. पहिल्या फेरीतला नर, ज्यावर शोध लागला, पण ज्याचा मागचा एक पाय विच्छेदनाच्या वेळी तुटला होता. आणि दुसऱ्या फेरीतला अखंड नर. विद्यार्थिनीचा जीव पहिल्यावर होता. दुसरा निवडला तर जातीचे मूळ ठिकाणही त्याच्यासोबत शेजारच्या दरीत जाणार होते, कारण संहितेत मूळ ठिकाण म्हणजे होलोटाइप जिथे सापडला ते ठिकाण. शेवटी अखंड नर होलोटाइप झाला, पहिला पॅराटाइप, म्हणजे त्याच्या जोडीचा दुय्यम नमुना, राहिला. उद्या कोणी शंभर वर्षांनी तपासायला बसला, तर त्याला सहा पाय मोजता यावेत, एवढेच कारण होते. ती नाराज होती. मी तिला समजावत बसलो नाही, तिला वेळ दिला.

होलोटाइप आमच्या विभागाच्या कपाटात ठेवावा असे एका सहकाऱ्याचे मत होते. जैवविविधता अधिनियम २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या वर्गाची माहिती नेमलेल्या भांडारसंस्थेला कळवून नमुने तिथे जमा करणे बंधनकारक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, बडोद्याच्या श्रावणात भिंगांवर बुरशी चढते आणि डांबरगोळ्या संपल्या की संग्रहातल्या नमुन्यांना दुसऱ्याच भुंगेऱ्यांच्या अळ्या लागतात, हे आम्ही पाहिलेले आहे. नमुना कोलकात्याला, १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे गेला.

नावाची गोष्ट

आजोबांच्या आडनावावरून नाव ठेवायचे तिच्या मनात होते. ते नियमात बसते. पुरुषाच्या नावाला लॅटिन षष्ठीचा ‘-इ’ लागतो आणि काम भागते. पण आजोबांनीच नकार दिला. ‘मी त्या जंगलात पाऊल ठेवले नाही आणि माझे नाव कसले त्या किड्याला,’ असे ते म्हणाले. ठिकाणाच्या नावावरून ठेवण्याला माझा विरोध होता : तोच भुंगेरा पुढे पलीकडच्या जिल्ह्यात सापडला की असे नाव दिशाभूल करू लागते. अखेरीस छातीवरच्या खड्ड्यांच्या ओळीवरून लॅटिन विशेषण निवडले. पहिल्या मसुद्यात त्याला पुल्लिंगी ‘-उस’ लागला होता. बिओसेरा स्त्रीलिंगी असल्याने ‘-आ’ हवा, हे परीक्षकाच्या आधी आमच्या ध्यानात आले हे नशीब.

लेख छापून येण्याआधीच घरी बातमी फुटली आणि गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाने सत्काराचा कार्यक्रम ठरवला. स्थानिक वार्ताहर येणार होता. वर्णनाशिवाय नुसते नाव कुठे छापले गेले तर नामकरणाच्या दृष्टीने ते कवडीमोलाचे ठरते, मात्र गोंधळ कायमचा होतो, कारण पुढच्या ग्रंथसूचीकाराला तेही नोंदवावे लागते. म्हणून सत्कार झाला, आरती झाली, मोदक वाटले गेले आणि व्यासपीठावरून ‘एक भुंगेरा’ एवढेच सांगितले गेले. वार्ताहर हिरमुसला.

परिणाम

‘सात दिवसांत प्रसिद्धी’ देणाऱ्या, पैसे घेणाऱ्या एका नियतकालिकाचे पत्र आले होते. ते बाजूला ठेवले. लेख ज्या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाने घेतला त्याने झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंद करून तिचा क्रमांक लेखातच छापला. २०१२ साली संहितेत झालेल्या दुरुस्तीनंतर, केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात निघणाऱ्या लेखातले नाव ग्राह्य धरायला हे आवश्यक आहे. एका परीक्षकाने एडिएगसच्या आतल्या पिशवीचे स्पष्ट चित्र मागितले, तेव्हा एकाच नमुन्याची वेगवेगळ्या खोलीवर घेतलेली चाळीस छायाचित्रे एकत्र जोडून ते केले. दुसरा परीक्षक वाक्यरचना सुधारून मोकळा झाला. पहिल्या बाटलीपासून छापील नावापर्यंत दोन वर्षे आणि चार महिने गेले.

विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती दरम्यान संपली. शेवटचे सात महिने तिने एका शाळेत शिकवून काम केले. हा खर्च प्रकरणाच्या हिशेबात धरला पाहिजे, आणि त्यातला निदान अर्धा माझ्या संकोचामुळे पडला.

आज पुन्हा करायचे झाले तर

जुने नाव दिसले त्या आठवड्यातच पत्र टाकीन, एका नरावर आणि वाईट छायाचित्रांवरही. उत्तर ‘एकच जाती’ असे आले असते तरी त्याची किंमत तेवढीच होती : पहिल्या वर्णनात नसलेला नर आम्ही जगाला दाखवला असता आणि शिष्यवृत्ती संपण्याआधी तो लेख झाला असता. दुसरी फेरी मी तरीही केली असती, परंतु तिच्याकडून काय मिळवायचे ते स्पष्ट ठेवून : नरांमधला फरक किती, मादी कोणती, डीएनए मिळतो का. इथेनॉलचा परवाना फेरीच्या सहा महिने आधी मागीन. प्रत्येक पिशवीत दोन चिठ्ठ्या, दोन्ही शिसपेन्सिलीने, एक आत आणि एक बाहेर बांधलेली.

होलोटाइपच्या निवडीबाबत आम्हा दोघांचे अजूनही एकमत नाही. तिच्या मते शोध जिथे लागला ते ठिकाण नावाशी जोडलेले राहायला हवे होते आणि तुटलेल्या पायाची नोंद लेखात करता आली असती. तिच्या बाजूला वजन आहे, हे मी मान्य करतो.

त्या दोन माद्या अजून विभागाच्या पेटीत, पुठ्ठ्याच्या त्रिकोणांवर चिकटवलेल्या आहेत. खाली तिच्या हस्ताक्षरात, शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे : ‘स्थळ अनिश्चित’.